सेकंडहँड प्लेस्टेशन घेताय? आधी ते कुठल्या घरात राहिलंय ते बघा

मुंबईत जुनं प्लेस्टेशन विकायला काढणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फक्त दोन वर्षं वापरलंय." घेणाराही त्याच आकड्यावर घासाघीस करत बसतो. या शहरात वर्षांना एवढा अर्थ नाही. वर्सोव्याला समुद्राकडे खिडकी असलेल्या खोलीत दोन वर्षं काढलेलं मशीन आणि मुलुंडला बंद कपाटाशेजारी सहा वर्षं राहिलेलं मशीन समोरासमोर ठेवलं, तर मी डोळे झाकून नाही, पण टॉर्च मारून दुसरंच घेईन. खारी हवा, चार महिन्यांची ओल, समोरच्या रिडेव्हलपमेंटची सिमेंटची धूळ आणि अर्थिंग नसलेलं वायरिंग. इथले कन्सोल मरतात ते यांच्यापायी, गेम जास्त खेळल्यामुळे क्वचितच. तेव्हा "किती जुनं?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी "कुठे ठेवलं होतं?" ते विचारा, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः बघा.

खाली मुख्यतः प्लेस्टेशन ४ धरून लिहिलंय. ते जगात नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आलं. आज कमी पैशात भरपूर गेम खेळायचे तर तेच परवडतं, आणि त्याचे सुटे भागही सहज मिळतात. मागच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो. सीयूएच-१०००, ११०० आणि १२०० म्हणजे जाडं, ज्याला सगळे फॅट म्हणतात. सीयूएच-२००० च्या पुढचं स्लिम आणि सीयूएच-७००० च्या पुढचं प्रो. फॅट घ्यायचंच असेल तर १२०० बघा. १००० आणि ११०० ला पॉवर आणि इजेक्टची बटणं स्पर्शाची आहेत. दमट हवेत किंवा खालचा रबरी पाय फुगून वर दाबला गेला की हात न लावता डिस्क बाहेर येते, पुन्हा आत ढकलली की पुन्हा बाहेर. १२०० ला साधी दाबायची बटणं आहेत, ही कटकटच नाही. अजून एक गोष्ट विकणारा सांगत नाही: फॅटचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. एका मजल्यावर आठ फ्लॅट आणि आठ राउटर असलेल्या इमारतीत त्यावर ऑनलाइन खेळणं म्हणजे डोक्याला ताप. स्लिम आणि प्रो ५ गिगाहर्ट्झवर चालतात. फॅट घेतलंत तर लॅनची वायर ओढायची तयारी ठेवा.

बाजार तुम्हाला माहीत आहेतच. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, हाजी अलीचं हिरा पन्ना, क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट, इर्ल्याचं अल्फा. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. दुकानातून घेण्याचा फायदा एवढाच की उद्या परत जाऊन उभं राहता येतं. घरातून विकणाऱ्याकडून घेण्याचा फायदा त्याहून मोठा आहे, मशीन जिथे राहिलं ती जागा दिसते. टीव्ही युनिटच्या मागची भिंत हाताने चाचपा. पोपडे आलेत, ओल आहे, खिडकी उघडली की समुद्राचा वास येतो, कन्सोल लाकडी खणात कोंबलाय, खालच्या खणात धान्याचे डबे आहेत... मशीन चालू करायच्या आधीच निम्मी माहिती मिळालेली असते. म्हणून "स्टेशनवर भेटू, मी घेऊन येतो" म्हणणाऱ्याला शक्यतो नाही म्हणा. प्लॅटफॉर्मवर प्लगही नसतो.

पिशवीत काय न्यायचं ते सांगतो. स्वतःची एचडीएमआय केबल. मायक्रो यूएसबीची डेटा चालणारी केबल, कारण फोनबरोबर आलेल्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि मग कंट्रोलर जोडलाच जात नाही, आणि उगाच पोर्ट खराब आहे असं वाटतं. ओरखडे नसलेली एक पीएस४ डिस्क, शक्यतो मोठ्या गेमची. वायरचे साधे इअरफोन. फोनमध्ये हॉटस्पॉटचा डेटा आणि चार्ज असलेली बॅटरी, टॉर्चसाठी. कमीत कमी अर्धा तास मिळायला हवा. "भाऊ, चालू करून दाखवतो ना, एकदम ओके आहे" म्हणत दहा मिनिटांत आवरायला लावणारा दुकानदार असेल तर समोरच्या दुकानात जा.

न उघडता आत बघायची खिडकी

पीएस४ चा एक मोठा गुण असा की हार्ड डिस्कचा कप्पा सोनीनेच गिऱ्हाइकाला उघडायला दिलेला आहे. तो उघडला म्हणून सील तुटत नाही आणि विकणाऱ्यालाही हरकत घेता येत नाही. फॅटमध्ये वरच्या झाकणाचा डावीकडचा भाग (१००० आणि ११०० मध्ये तो चकचकीत असतो) तळव्याने थोडा दाबून बाहेरच्या बाजूला सरकवला की सुटतो. स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यावरचं छोटं झाकण सरकतं. प्रोमध्येही मागच्या बाजूला तसंच झाकण आहे. एकाही पान्याची गरज नाही.

आता टॉर्च तिरका धरा. आत पत्र्याचं कवच आणि हार्ड डिस्कचा एक स्क्रू दिसतो. या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. चांगल्या घरातल्या मशीनमध्ये तो मंद चमकतो, फार तर कडेला राखाडी धुळीची रेघ असते. समुद्राजवळच्या मशीनमध्ये त्यावर पांढरी पूड धरलेली दिसते, बोट फिरवलं तर खडूसारखी लागते. तो जस्ताचा गंज. जस्त संपलं की खालचं लोखंड तांबूस होतं. नुसती पांढरी पूड असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही, कारण तोवर बोर्डवर फारसं काही झालेलं नसतं. तांबूस डाग कप्प्याच्या कडांना आणि स्क्रूच्या डोक्यावर दोन्हीकडे दिसले तर उठा. जिथे पत्रा सडतोय तिथे आतल्या चपट्या पट्टीच्या वायरींच्या जोडाचे धातू आणि एचडीएमआयच्या पिनाही सडत असतात, फक्त त्या इथून दिसत नाहीत. एचडीएमआय पोर्टमध्येही टॉर्च मारा. पिना सोनेरी असायला हव्यात. हिरवट झाक म्हणजे तांब्याला खार लागलाय. पोर्ट एका बाजूला कलंडलेला असेल किंवा आजूबाजूचं प्लास्टिक किंचित वितळल्यासारखं दिसत असेल, तर तो आधी एकदा बदललेला आहे. बदलला म्हणून वाईट असं नाही, पण विकणाऱ्याने सांगितलं का, ते महत्त्वाचं.

मग मागच्या जाळीतून बघा. कापसासारखी कोरडी धूळ निघते, तिची चिंता नको. पावसाळ्यात ओली होऊन सिमेंटसारखी बसलेली धूळ हीटसिंकच्या फिन्समध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये, थर धरते, ती ब्लोअरने जात नाही, मशीन पूर्ण उघडावं लागतं. आणि जाळीच्या कडेला मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नाक जवळ न्या. कुबट, तेलकट वास आला तर आत झुरळं आहेत. चेष्टा नाही. बारीक जातीच्या झुरळांना पॉवर सप्लायची ऊब फार आवडते, स्टँडबायवर ठेवलेलं मशीन रात्रभर कोमट राहतं आणि तिथेच त्यांचा संसार होतो. त्यांची घाण बोर्डवर पडून शॉर्ट होते, आणि मशीन घरी आणलं की ती तुमच्या स्वयंपाकघरात उतरतात. असं मशीन फुकट मिळालं तरी नको.

चालू केल्यावर

पॉवर दाबल्यावर दिवा आधी निळा लुकलुकतो आणि मग पांढरा होतो. निळाच राहून मशीन बंद पडलं तर विषय संपला. निळ्या दिव्याला कारणं बरीच असतात, हार्ड डिस्कपासून थेट मुख्य चिपच्या सोल्डरपर्यंत, आणि दुकानात उभं राहून ती वेगळी करता येत नाहीत. लाल दिवा म्हणजे गरम झाल्याची खूण.

डिस्क घाला आणि कान द्या. आत ओढताना रबरी रोलरचा गुळगुळीत आवाज यायला हवा. दमट हवेत हे रबर चिकट होतं, मग डिस्क अडखळते किंवा अर्धी जाऊन परत येते. गेमचं चित्र होम स्क्रीनवर आलं म्हणजे लेसर ठीक, असं मानू नका. ती माहिती अगदी थोडी असते. गेम पुसून डिस्कवरून पुन्हा कॉपी करायला लावा आणि बराच वेळ चालू द्या. दमलेला लेसर सुरुवातीला वाचतो आणि डिस्कमधला माहितीचा थर बदलला की अडकतो. लेसर बदलता येतो. पहिल्या फॅट मॉडेलला केईएम-४९० किंवा ८६० आणि १२००, स्लिम व प्रोला केईएम-४९६ लागतो. पण १००० आणि ११०० मध्ये अख्खा ड्राइव्ह बदलायचा झाला तर ड्राइव्हचा छोटा सर्किट बोर्ड जुनाच ठेवावा लागतो, कारण तो मुख्य बोर्डाशी जोडी बांधलेला असतो. दुसऱ्या मशीनचा बोर्ड लावला तर डिस्क वाचणार नाही. हे माहीत नसलेले कारागीर कमी नाहीत, म्हणून "ड्राइव्ह नवीन टाकलाय" ऐकलं की डिस्क चालवून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

पंख्याची परीक्षा होम स्क्रीनवर होत नाही. एखादा जड गेम लावून पंधरा मिनिटं चालू द्या. होरायझन झीरो डॉनचा नकाशा उघडला की पीएस४ चा पंखा कसा बोंबलतो, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. तो गेम मशीनमध्ये असेल तर नकाशा उघडून तसाच ठेवा. आवाज वाढणारच. प्रश्न आहे तो नकाशा बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली येतो का. नाही आला तर मुख्य चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट खडूसारखी सुकली आहे. हे दुरुस्त होणारं आहे, तेव्हा मशीन सोडू नका, भाव पाडा.

चालू असतानाच एचडीएमआयची केबल बोटाने अगदी हलकी हलवा. हिरवे-गुलाबी ठिपके चमकले, चित्र गेलं-आलं, तर पोर्ट सैल आहे. केबल काढून पुन्हा घालू मात्र नका. त्याचं कारण सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये पीएस४ मरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण, आणि घेणाऱ्याच्या हातूनही ते घडतं.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि कन्सोल या सगळ्यांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल किंवा दोन पिनांचा प्लग असेल, तर त्यांच्यामुळे धातूचा भाग २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, माणसाला काही होत नाही. टीव्हीच्या मागे हात गेला की बोटांना झिणझिण्या येतात त्या याच. केबल टीव्हीची वायर गच्चीवरून येते, तिचा व्होल्टेज आणखी वेगळा. सगळं चालू असताना एचडीएमआय तिरकी घातली की हा फरक एखाद्या सिग्नलच्या पिनेतून निघून जातो आणि आतली एचडीएमआयची चिप उडते. पहिल्या फॅट मॉडेलांमध्ये ती एमएन८६४७१ए, स्लिम आणि प्रोमध्ये एमएन८६४७२९. मशीन चालू होतं, दिवा पांढरा लागतो, कंट्रोलर जोडला जातो, फक्त टीव्हीवर काही नाही. चिप बदलणं हॉट एअरचं काम आहे, घरच्या सोल्डरिंग गनचं नाही. नियम सोपा आहे: एचडीएमआय लावायच्या किंवा काढायच्या आधी टीव्ही, बॉक्स आणि कन्सोल तिन्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद. रिमोटने बंद केलेलं मोजू नका.

"पांढरा दिवा, चित्र नाही" अशी मशीन स्वस्तात मिळतात आणि त्यातली काही खरंच ठणठणीत असतात. कुणीतरी रिझोल्यूशन चुकीचं लावून ठेवलेलं असतं. मशीन बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच येतो, साधारण सात सेकंदांनी दुसरा. तेव्हा सोडलं की सेफ मोड येतो. कंट्रोलर केबलने जोडा, दुसरा पर्याय रिझोल्यूशनचा. तिथेही पडदा काळाच राहिला तर चिप किंवा पोर्ट.

कंट्रोलर: फोनवर तपासा

कंट्रोलर तपासायला सगळे गेममध्ये दोन मिनिटं गाडी चालवतात. त्याने काही कळत नाही, कारण गेम स्वतःच मधला थोडा भाग दुर्लक्षून टाकतात. शेअर आणि पीएस ही दोन्ही बटणं दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि ब्लूटूथने अँड्रॉइड फोनला जोडा. ब्राउजरमध्ये गेमपॅड टेस्टर शोधलं की आकडे दाखवणारं पान उघडतं. काड्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, मोकळ्या सोडा. आकडे शून्याच्या आसपास स्थिर हवेत. ०.०५ पर्यंत ठीक. मग प्रत्येक काडी चारही दिशांना ढकलून झटक्यात सोडा, आणि हे आठ-दहा वेळा करा. एकदा ०.०२ वर, एकदा ०.१४ वर, एकदा उलट्या दिशेला थांबली, तर काडीची जागा मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजला आहे. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की चार दिवस बरं वाटतं, कार्बनची झिजलेली पट्टी त्याने परत येत नाही. खरा इलाज काडीचा अख्खा भाग बदलणं. एका भागाला १४ सोल्डरचे टाके असतात. बदलायचंच तर हॉल इफेक्टचे घ्या, ते चुंबकावर चालतात, घासत नाहीत. पण बसवल्यावर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर नवीन काडीही एका बाजूला ओढते.

दुसरी तक्रार खास पावसाळ्यातली: बटण न दाबता दाबल्यासारखं वागतं, किंवा दाबूनही लागत नाही. ड्युअलशॉक ४ मध्ये, म्हणजे पीएस४ च्या कंट्रोलरमध्ये, बटणांच्या खाली पातळ प्लास्टिकची फिल्म असते, आणि ती बोर्डावर दाबून धरायला फोमचा एक तुकडा. तो फोम दबतो, ओल धरतो, आणि संपर्क ढिला पडतो. फिल्म आणि फोम स्वस्तात मिळतात, चार स्क्रू काढून अर्ध्या तासाचं काम. फक्त बोर्डावर छापलेला नंबर बघून तीच फिल्म आणा, एकाची दुसऱ्याला बसत नाही.

नकली कंट्रोलरचा सुळसुळाट आहे. वजनाने हलका, टचपॅडवर बोट सरकत नाही, स्पीकर मुका, आणि इअरफोन लावला तर आवाज नाही. इअरफोन पिशवीत घ्यायला सांगितले ते यासाठी. जोडणीच होत नसेल तर मागे एल२ जवळच्या भोकात सिमची पिन पाच सेकंद दाबून रीसेट करा, मग केबलने लावा.

आता अकाउंटचं. "पन्नास गेम भरून देतो" हे ऐकायला गोड लागतं. ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे कुणाचं तरी पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन) अकाउंट, जे तुमच्यासारख्या आणखी चौघांना विकलेलं असतं. मूळ मालकाने वेबसाइटवरून सगळी मशीन एकदम डीअॅक्टिव्हेट केली की गेमना कुलूप. दुसरं जेलब्रेक, म्हणजे सोनीचं कुलूप तोडून फुकटचे गेम भरलेलं मशीन. सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बघा. ९.०० किंवा ११.०० वर अडकवून ठेवलेलं मशीन असेल तर ते बहुतेक त्यातलंच. ते ऑनलाइन नेता येत नाही, आणि अपडेट केलं की भरलेले गेम गेले. पैसे मशीनचे द्या, गेमचे नको. हॉटस्पॉट लावून तुमच्या स्वतःच्या अकाउंटने आत जाऊन बघा, म्हणजे कन्सोलवर बंदी आहे का तेही कळतं. विकणाऱ्याने त्याचं अकाउंट काढून, सगळं पुसून (इनिशियलाइझ करून) द्यायला हवं. पॅरेंटल पासकोड विचारला तर आधी ०००० टाका, बऱ्याच जणांनी तो कधी बदललेलाच नसतो. बिलावर मागचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

बाकीच्या मशीनबद्दल थोडक्यात. एक्सबॉक्स ३६० जुन्या आकाराचं मिळत असेल तर मशीन नाही, त्याची वीट, म्हणजे बाहेरचा पॉवर सप्लाय, बघा. त्यावर १२ व्होल्टसमोर १६.५ अँपिअर असेल तर ते सुरुवातीचं, समोर लाल कडं पेटून मशीन मरतं त्या रोगाचं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला याच रोगापायी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली होती. १४.२ म्हणजे मधलं, १२.१ म्हणजे जॅस्पर नावाच्या नंतरच्या बोर्डाचं, घ्यायचं तर हेच. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, तेव्हा डिस्कवरच भिस्त. पीएस२ स्लिमला ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, ९०००० मालिकेत मात्र तो आतच असतो. लेसर पीव्हीआर-८०२डब्ल्यू, अजूनही मिळतो. निन्टेंडो स्विच भारतात अधिकृतपणे आलाच नाही, त्यामुळे "कंपनी वॉरंटी" म्हणणारा थाप मारतोय. पीएस५ (भारतात २ फेब्रुवारी २०२१, तेव्हाची किंमत ४९,९९०) ची बाजूची पांढरी पाटी हाताने निघते आणि आत धूळ साठवायची दोन भोकं आहेत, ती बघा. पीएस५ च्या मुख्य चिपवर पेस्ट नसून द्रव धातू असतो. तो वीज वाहतो, एक थेंब भलतीकडे गेला की बोर्ड गेला. म्हणून पीएस५ चा हीटसिंक घरी काढू नका, आणि "सर्व्हिसिंग करून दिलंय" म्हणणाऱ्या पीएस५ पासून चार हात लांब.

घरी आणल्यावर

पीएस४ ची पेस्ट मात्र घरी बदलता येते. पावसात नको. ओली धूळ फिन्सना चिकटून बसलेली असते, ब्रशने पसरते फक्त. दिवाळीच्या साफसफाईबरोबर करा, तोवर ती सुकलेली असते. लागणारं सामान: मधे भोक असलेला टी८ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर (साधा टी८ आत जात नाही, आणि जबरदस्ती केली तर स्क्रू चाटतो), एक साधा फिलिप्स, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इंचभर रुंदीचा रंगकामाचा नवा ब्रश, आणि पेस्ट. चार ग्रॅमची ट्यूब दोन-तीन मशीनना पुरते.

प्लग काढून दहा मिनिटं थांबा. फॅटमध्ये मागचे चार टॉर्क्स काढले की खालचं झाकण निघतं. पॉवर सप्लाय उचलल्याशिवाय हीटसिंकच्या फिन्स दिसत नाहीत, आणि खरी घाण तिथेच असते. नुसता पंखा पुसून "साफ केलं" म्हणणारे हीच पायरी गाळतात. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो मोकळा फिरला की स्वतःच वीज तयार करतो आणि बेअरिंगही खातो. पट्टीच्या वायरी सरळ वर ओढू नका, आधी त्यांची कडी आहे का बघा. प्रत्येक थरातले स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डाला भोक.

चिपवरची जुनी पेस्ट प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा, अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने आरशासारखी करा. वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन कार्डानेच पातळ पसरवा, कोपरे सुटता कामा नयेत. इथे चिपवर झाकण नसतं, त्यामुळे कोरडा राहिलेला कोपरा थेट तापतो. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे लावा. जास्त जाड लावलात तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि मशीन आधीपेक्षा जास्त बोंबलतं. दाबपट्टीचे दोन स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा.

डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. पॉलिश करून ओरखडे काढायचा जुना उपाय डीव्हीडीला चालायचा, तिथे माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. ब्लू-रेमध्ये तो फक्त ०.१ मिलिमीटर आत आहे. टूथपेस्ट लावलीत तर गेम गेला. डिस्क आणि जादा कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. कन्सोलला मात्र पिशवीत गुंडाळू नका. पावसाळ्यात तो आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवलेला बरा, आतली ओल उडते. एसीच्या गार खोलीतून उचलून दुसऱ्या दमट खोलीत नेलात तर दोन-तीन तास तसाच राहू द्या, आत दव धरलेलं असतं.

कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा. ती तांब्याची असेल आणि केबलवाल्याचा स्विच गच्चीवर किंवा जिन्यात असेल, तर वीज लाइटच्या वायरीने न येता तिथून येते, आणि स्टॅबिलायझर लावलेला असला तरी लॅनचा पोर्ट जळतो.